ओंडक्याचे फर्निचर आणि त्याचा भाव

झाडाचे खोड दीड फुटावर आडवे कापायचे, वरचा काप घासून गुळगुळीत करायचा आणि पॉलिशचे दोन हात द्यायचे. एवढ्यावर तयार होणाऱ्या बैठकीला शहरातल्या फर्निचरच्या दुकानात ‘रस्टिक स्टूल’ म्हणतात. त्याच खोडाची चार बोटे जाडीची चकती लोखंडी पायांवर बसवली की चहाचे टेबल होते. लांब ओंडका उभा चिरला की दोन बाकडी निघतात, आणि सालीसकट वाकडी फांदी दिव्याचा खांब म्हणून उभी राहते. कृषी पर्यटन केंद्रे, महामार्गावरची हॉटेले, कॉफीची दुकाने आणि फ्लॅटच्या गॅलऱ्या ही या मालाची नेहमीची ठिकाणे. इंटरनेटवरच्या दुकानांत साध्या बुंध्याच्या स्टुलाचा भाव दोन-तीन हजारांपासून सुरू होतो आणि त्याला सागाचे किंवा शिसवीचे नाव लागले की दहा हजारांपर्यंतही जातो. त्यात सुताराचे काम मात्र तासा-दोन तासांचे असते. सांधा नाही, पाय नाहीत, रंध्याने काढलेली पातळी नाही.

हिशेब लाकडापासूनच मांडावा लागतो. सोळा इंच व्यासाचा आणि अठरा इंच उंचीचा बुंधा म्हणजे साधारण दोन घनफूट लाकूड. वाळलेल्या बाभळीची घनता दर घनमीटरला सुमारे ८०० किलो धरली तर त्याचे वजन ४५ किलोच्या आसपास भरते. ओला असताना ते आणखी जास्त. जळणाच्या भावाने एवढ्या लाकडाचे काहीशे रुपये होतात. तोच बुंधा चिरायला घेतला तर साल, कडेची फळकुटे आणि भुसा यांत जवळजवळ निम्मे लाकूड जाते आणि एक घनफूट हाती लागते. एक घनफूट म्हणजे एक इंच जाडीची बारा चौरस फूट फळी. तेवढ्यात जेवायला बसायचे पाच-सहा पाट निघतात. सुताराच्या नजरेने पाहिले तर बुंध्याचे स्टूल म्हणजे न केलेले पाच-सहा पाट.

वापरायलाही ही बैठक सोयीची नाही. केर काढताना ४५ किलोचा ठोकळा सरकवावा लागतो. बसणाऱ्याला पाय मागे घेता येत नाहीत, कारण खाली मोकळी जागाच नसते. घडवंची किंवा चौरंग चार-पाच किलो लाकडात तेवढाच भार पेलतो. ती बचत सांध्याच्या कौशल्यातून येते, आणि सुतारकामाची मजुरी मुख्यतः त्याच कौशल्याची असते.

धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण घ्या. इथे लाकूड असे मोजूनमापून वापरण्याला भूगोलाचे कारण आहे. बालाघाटाच्या पठारावरचा हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर, आणि त्यात वनाच्छादन एक टक्काही नाही. येडशी-रामलिंग घाटाचे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. ते २२ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे इथले लाकूड जंगलातून येत नाही, ते बांधावरून येते. बाभूळ, लिंब, चिंच, आंबा, बोर आणि हिवर ही शेताकडेची झाडे; ओढ्याच्या काठाला जांभूळ आणि करंज; गेल्या काही दशकांत लावलेली सुबाभूळ आणि निलगिरी; आणि कोणी न लावता पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ.

या झाडांच्या लाकडाची वाटणी पूर्वापार ठरलेली होती. बाभळीचे सरळ खोड गाडीच्या चाकाला आणि जुवाला, नैसर्गिक वाक असलेला भाग नांगराला, लिंबाच्या फळ्या दार-खिडक्यांना, कारण लिंबाच्या कडूपणामुळे किडा कमी लागतो. बुंध्याचा नंबर यात सगळ्यांत शेवटी लागे. जमिनीलगतचा भाग पिळदार, गाठींचा आणि करवतीला न जुमानणारा असतो. मग तो जसाच्या तसा कामाला लावायचा. लोहाराची ऐरण बाभळीच्या ठोकळ्यात रोवलेली असते, कारण घणाचे घाव झेलून तो फुटत नाही. मटण तोडायला खाटकाकडे चिंचेचा बुंधा असतो. चिंचेचा रेशा गुंतलेला असल्याने सुऱ्याखाली त्याचे तुकडे निघत नाहीत. सुतार स्वतः वाकसाने लाकूड तासतो तेही अशाच एखाद्या ठोकळ्यावर. वाड्याच्या दाराबाहेर किंवा पारापाशी पडलेल्या ओंडक्यावर माणसे बसतही. पण त्याला कोणी फर्निचर म्हटले नाही आणि त्याचे पैसेही मोजले नाहीत.

एवढे करून उरलेले लाकूड जळणात जाई, आणि या जिल्ह्यात जळणाला गिऱ्हाईक कायम आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचे नाव खव्यासाठी आणि पेढ्यासाठी सर्वदूर पोहोचले आहे. दूध आटवायच्या भट्ट्या वर्षानुवर्षे लाकडावरच चालत आल्या. गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या हीदेखील लाकडाचीच गिऱ्हाइके. म्हणजे शहरात पाच आकडी भाव मागणाऱ्या बुंध्याचा खरा स्पर्धक दुसरे फर्निचर नसून खव्याची भट्टी आहे. भट्टीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त दिले की व्यापाऱ्याला बुंधा मिळतो. मोठ्या घेराचे बुंधे अलीकडे रस्त्यांच्या कामातूनही निघाले. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–येडशी हा रस्ता चौपदरी होताना आणि नळदुर्ग–उमरगा मार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग रुंद होताना कडेचे जुने वड, लिंब आणि चिंचा पडल्या. वडाचे लाकूड इमारतीला चालत नाही, पण त्याची तीन-चार फूट रुंदीची चकती टेबलाच्या बाजारात भाव खाते. ज्या लाकडाला सुताराने कधी हात लावला नाही तेच या फॅशनमध्ये सर्वांत महाग विकले जावे, ही गंमतच.

जिल्ह्यात लाकडाची खरी ठेव मात्र वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती म्हणजे माळवदाची घरे. दगड-मातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांबांवर पेललेल्या तुळया, त्यांवर फळ्या आणि वर दीड-दोन फूट मातीचा थर अशी या घरांची बांधणी. घराचा आकार खणांत मोजला जाई आणि एकेका खणाला किती लाकूड लागते हे सुताराला तोंडपाठ असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. उमरगा-लोहारा भागातल्या सास्तूरसारख्या गावांत घरे कोसळली ती मुख्यतः भिंतींमुळे. मातीत रचलेले ओबडधोबड दगड निखळले आणि आत पडले. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा चांगला बांधलेला होता, तिथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे पुढे तज्ज्ञांनी नोंदवली. लोकांच्या मनात मात्र माळवदाची धास्ती बसली. पुनर्वसनाची नवी गावे काँक्रीटची झाली, उरलेली माळवदे हळूहळू उतरवली गेली आणि त्यांचे खांब, तुळया, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे गेल्या. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा बाजार अशा जुन्या लाकडासाठी प्रसिद्ध आहे.

पन्नास-शंभर वर्षे छताखाली राहिलेल्या या तुळईला मोल आहे ते तिच्या वयामुळे, आणि त्यामागे भावनेपेक्षा भौतिकशास्त्र अधिक आहे. ताज्या लाकडात पाणी दोन प्रकारे असते. पेशींच्या पोकळीतले पाणी आधी निघून जाते आणि त्याने लाकूड आकसत नाही. पेशींच्या भिंतीत मुरलेले पाणी नंतर निघू लागते. ओलावा साधारण २५ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला की हा टप्पा सुरू होतो आणि लाकूड आकसू लागते. हे आकसणे सगळ्या दिशांनी सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नगण्य असते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ते काही टक्के असते आणि वार्षिक वलयांच्या दिशेत, म्हणजे परिघावर, त्याच्या दुप्पट.

बुंध्याची गोची इथेच आहे. परीघ जास्त आकसू पाहतो, त्रिज्या तेवढी आकसत नाही, आणि मधला गाभा परिघाला जवळ येऊ देत नाही. ताण वाढत जातो आणि एक दिवस सालीपासून गाभ्यापर्यंत चीर पडते. सोळा इंची बुंध्याचा परीघ सव्वाशे सेंटिमीटरच्या वर असतो. दोन दिशांच्या आकसण्यात फक्त तीन टक्क्यांचा फरक धरला तरी पूर्ण वाळेपर्यंत परिघावर जवळजवळ चार सेंटिमीटर कमी पडतात. ही तूट एकाच ठिकाणी भरून निघाली तर कडेला अंगठा जाईल एवढी फट उघडते, अन्यथा दहा बारीक चिरा पडतात. दोष कारागिराचा नाही. अख्खा गाभा आत असलेला गोल ओंडका वाळताना फुटणार, हा त्याच्या रचनेचा भाग आहे. फळी चिरली की ही वलयांची कडी तुटते आणि ताण निघून जातो; तुळईतसुद्धा चौकोनी ताशीव आकारामुळे चीर बहुधा एका बाजूला मर्यादित राहते.

यात भर घालते ती धाराशिवची हवा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली जाते. अशा हवेत लाकडातला ओलावा शेवटी पाच टक्क्यांच्या जवळ येऊन थांबतो. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तोच ओलावा पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढू पाहतो. म्हणजे लाकूड दर वर्षी फुगते आणि आकसते. एसी असलेल्या खोलीत ठेवलेल्या ओल्या बुंध्याला तर वर्षभर उन्हाळाच. विकत घेतल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ‘टेबल फुटले’ अशी तक्रार येते तिचे कारण हेच.

लाकूड वाळवण्याचा जुना अदमास असा, की एक इंच जाडीला उघड्या हवेत साधारण एक वर्ष. सोळा इंची बुंधा या मापाने पुरता वाळायला दशकाहून जास्त काळ लागेल. एवढा थांबणारा व्यापारी नसतो. कापलेल्या टोकाकडून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने निघते, म्हणून टोके आधी वाळतात आणि आधी फाटतात. खेड्यात तोडलेल्या ओंडक्याच्या तोंडाला शेण-मातीचा लेप देतात, तो याचसाठी. मेण किंवा जाड रंगाचा थर तेच काम करतो. बाभळीचे लाकूड ओढ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवण्याचीही पद्धत होती. त्यात पेशींतला पिष्टमय रस धुऊन निघतो, पुढे किडा कमी लागतो आणि लाकूडही सावकाश वाळते. वखारीतला आणखी एक उपाय म्हणजे बुंध्याच्या मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत करवतीचा एकच काप घेणे. चीर पडणारच असेल तर ती कुठे पडावी, एवढे तरी त्याने ठरवता येते. काही ठिकाणी मधला गाभा गिरमिटाने कोरून पोकळ करतात. वजन घटते आणि परिघाला आत सरकायला जागा मिळते.

रसायनाचाही मार्ग आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ पेशींच्या भिंतीत पाण्याची जागा घेतो, त्यामुळे पाणी गेले तरी भिंत आकसत नाही. स्वीडनमध्ये १९६१ साली समुद्रतळातून वर काढलेले सतराव्या शतकातले ‘वासा’ जहाज याच पदार्थाची वर्षानुवर्षे फवारणी करून वाचवले गेले. लाकडी चकत्यांवर तो वापरता येतो, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो, आणि दोन हजारांच्या स्टुलामागे कोणी तो खर्च करत नाही.

राहिला प्रश्न सालीचा आणि किड्याचा. साल हा या फर्निचरचा दागिना मानला जातो, आणि तीच त्याची सर्वांत कच्ची बाजू आहे. झाडात रस चढलेला असताना तोडले तर साल आणि लाकूड यांमधला वाढीचा थर मऊ असतो आणि वाळल्यावर साल सुटून येते. वाढ थांबलेल्या काळात तोडलेल्या झाडाची साल जास्त टिकते. सालीच्या आतले पांढरे लाकूड पिष्टाने भरलेले असल्याने भुंगेऱ्यांच्या अळ्यांना तेच आवडते. आंब्याच्या लाकडात हा त्रास विशेष. वरून काही दिसत नाही; मग एके दिवशी टेबलाखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला आढळतो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात ओले लाकूड बुडवून ठेवणे हा यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. तो फॅक्टरीत होतो, रस्त्याकडेच्या शेडमध्ये क्वचितच. तिथे वरून पॉलिश मारतात आणि किड्याला आतच कोंडतात.

मग ही फॅशन आली कुठून? अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांनी आपल्या बागांमध्ये वाकड्या फांद्यांची बाके ठेवायला सुरुवात केली होती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत १८७० नंतर धनिकांची उन्हाळी घरे उभी राहिली आणि त्यांच्यासाठी सालीसकट ओंडक्यांचे फर्निचर बनू लागले. ते बनवणारे स्थानिक सुतार आणि वाटाडे हिवाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत हे काम करत. त्यांचे सांधे पक्के असत आणि सालीचे तुकडे जुळवून केलेली नक्षी बारकाईची असे. साधेपणा विकण्याचा हा धंदा पहिल्यापासून श्रीमंतांसाठीच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याच्या दारात ओंडके पडलेले असतात तो त्यांना दिवाणखान्यात आणत नाही.

नैसर्गिक कड तशीच ठेवलेल्या लाकडी टेबलांना विसाव्या शतकात जी प्रतिष्ठा मिळाली, ती मोठ्या प्रमाणात जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) या जपानी-अमेरिकन कारागिरामुळे. त्यांच्या घडणीत भारताचाही वाटा आहे. वास्तुविशारद म्हणून ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुद्दुचेरीला अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या निवासी इमारतीच्या कामावर होते आणि आश्रमात राहिलेही. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप इथे त्यांनी आपली कार्यशाळा थाटली, आणि १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसोबतही काम केले. नाकाशिमा स्वतः ओंडका निवडत, तो कुठून आणि कसा चिरायचा हे ठरवत आणि फळ्या वर्षानुवर्षे वाळवत. पडलेली चीर लपवण्याऐवजी ते तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची कठीण लाकडाची पाचर बसवत, म्हणजे ती पुढे वाढत नसे. त्यांच्या टेबलाची किंमत लाखांत गेली तर त्यात निवड, वाट पाहणे आणि सांधा या तिन्हींचा मोबदला आहे. त्यांची नक्कल करणाऱ्या बाजाराने कड तेवढी उचलली आणि बाकीचे तीन गाळले.

आजच्या किमतीत मग काय काय भरलेले असते? लाकूड थोडे, मजुरी थोडी. मोठा वाटा वाहतुकीचा, कारण ४५ किलोचा ठोकळा कुरिअरने पाठवणे महागडे काम आहे. त्यावर दुकानाचे भाडे, इंटरनेटवरच्या मध्यस्थाचे कमिशन, फुटून परत आलेल्या मालाचा तोटा आणि ‘हाताने घडवलेले’, ‘एकमेवाद्वितीय’ या शब्दांचा भाव. एकमेवाद्वितीय तर प्रत्येक सरपणाचे लाकूडही असते. इपॉक्सी राळ ओतून केलेले ‘नदी’चे टेबल याला काहीसा अपवाद. राळ महाग असते, ती थरांनी ओतावी लागते आणि घासकामही पुष्कळ असते. तिथे किमतीमागे निदान खर्च दिसतो. अर्थात लाकूड ओले असेल तर राळही ते धरून ठेवत नाही.

लाकूड आले कुठून हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, चंदन, अंजन, मोह, हिरडा अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरी भागातल्या झाडांना १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे. शिसवीच्या वंशातले जवळजवळ सगळे प्रकार २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले, त्यामुळे निर्यातीला कागदपत्रे लागतात. जोधपूरच्या फर्निचर निर्यातदारांसाठी आंबा आणि बाभूळवर्गीय लाकूड सोयीचे ठरले त्यामागे हेही एक कारण आहे. त्या बाजारात ‘अकेशिया’ या नावाने विकले जाणारे लाकूड बाभळीच्याच नात्यातले असते. बांधावरची बाभूळ इंग्रजी नाव घेऊन परत आली की तिची किंमत वाढते.

धाराशिव जिल्ह्यातल्याच तेर गावात, तेरणेच्या काठी, लामतुरे संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट जपलेली आहे. ती हजार वर्षांहून जुनी मानली जाते. लाकूड किती टिकते हे त्याच्या जातीइतकेच वाळवणीवर, कापाच्या दिशेवर आणि ऊन-पावसापासून मिळालेल्या आडोशावर ठरते, याचा पुरावा पाहायला धाराशिवकरांना दूर जावे लागत नाही.

बुंध्याची बैठक तरीही हवीच असेल तर ती घेण्याची रीत साधी आहे. लाकूड कोणत्या झाडाचे, कधी तोडलेले आणि किती दिवस वाळवलेले हे विचारावे. ओलावा मोजायचे छोटे यंत्र आता सहज मिळते आणि त्यावर पंधरापेक्षा मोठा आकडा दिसला तर थांबावे. सालीवर बोटाने टिचकी मारून पोकळ आवाज येतो का ते पाहावे, खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि पिठूळ भुसा शोधावा. वरच्या कापावर चिरा आधीच पडलेल्या असतील तर ते चांगले लक्षण समजावे, कारण पडायचे ते पडून गेले आहे. याहून स्वस्त आणि टिकाऊ पर्याय गावाकडच्या वखारीत मिळतो. तिथे वर्षभर सावलीत पडलेला बाभळीचा किंवा लिंबाचा ठोकळा निवडावा, बिल घ्यावे, आणि गावातल्या सुताराकडून वरची पातळी, मागचा काप आणि बोरॅक्सची बुडवणी करून घ्यावी. सुताराला त्याची पूर्ण मजुरी दिली तरी हे स्टूल दुकानातल्यापेक्षा निम्म्याहून कमी खर्चात पडते.